आपल्या घराचा फूट ठाऊक असू द्या

कृष्णा किंवा पंचगंगेच्या काठी राहणाऱ्या कुटुंबाने पुराची तयारी एका आकड्यापासून सुरू करावी: पुलाजवळ पाणी किती फुटांवर गेले की ते आपल्या उंबऱ्याला लागते? सांगलीत आयर्विन पुलाजवळ ४० फूट ही इशारा पातळी आणि ४५ फूट ही धोका पातळी आहे. कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्याजवळ हेच आकडे ३९ आणि ४३ आहेत. मात्र हे आकडे साऱ्या शहराचे आहेत, आपल्या घराचे नव्हेत. सखल वस्तीत इशारा पातळीच्या आधीच पाणी शिरते, तर उंचावरच्या गल्लीत ते धोका पातळीनंतरही बराच वेळ येत नाही. म्हणून गल्लीतल्या जुन्या माणसांना विचारून आपल्या घराचा फूट पावसाळ्यापूर्वीच नक्की करावा.

त्याच वेळी दुसराही आकडा काढावा, आणि माझ्या मते तोच अधिक महत्त्वाचा आहे: घरातून बाहेर पडण्याचा रस्ता किती फुटांना बुडतो? बहुतेक ठिकाणी घराआधी ओढ्यावरचा मोरीपूल किंवा रस्त्याचा खोलगट भाग पाण्याखाली जातो, आणि घर कोरडे असतानाच माणसे अडकतात. घर सोडायचे ते या दुसऱ्या आकड्याच्या दोन-तीन फूट अलीकडे, शक्यतो दिवसाउजेडी. सांगलीत ऊन पडले म्हणून नदी उतरेल असे समजू नये. कोयना आणि चांदोली धरणांतून सोडलेले पाणी इथे पोहोचायला बरेच तास लागतात, त्यामुळे पावसाइतकेच लक्ष विसर्गाच्या बातमीकडे ठेवावे.

‘२००५ साली इथवर पाणी आले नव्हते’ या भरवशावर ऑगस्ट २०१९ मध्ये असंख्य कुटुंबे घरातच थांबली, आणि आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांवर गेले. ८ ऑगस्टला पलूस तालुक्यातील ब्रह्मनाळ येथे गावकऱ्यांना बाहेर काढणारी, क्षमतेपेक्षा जास्त माणसे बसलेली बोट उलटली आणि त्यात अनेकांचा जीव गेला. बोटीत चढण्याची वेळ आलीच, तर जीवरक्षक जाकीट घातल्याखेरीज चढू नये, उभे राहू नये, आणि नाविक ‘आता पुरे’ म्हणाला की पुढच्या फेरीची वाट पाहावी. मदतीसाठी जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्षाचा १०७७ आणि आपत्कालीन सेवेचा ११२ हे क्रमांक घरातल्या मुलांनाही पाठ असावेत.

घर सोडताना मेन स्विच बंद करावा. इन्व्हर्टर असेल तर तोही वेगळा करावा, कारण मेन बंद असला तरी त्याचा प्रवाह चालूच राहतो. गॅसचा रेग्युलेटर काढून सिलिंडर बांधून ठेवावा, नाही तर तो पाण्यावर तरंगत घरभर फिरतो. शौचालयाच्या भांड्यावर आणि मोरीच्या तोंडावर वाळूची पोती ठेवली तर गटाराचे पाणी उलटे आत येण्याला काहीसा अटकाव होतो. सातबारा, शिधापत्रिका, आधार, बँकेचे पासबुक आणि रोजची औषधे एका प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून सोबत घ्यावीत.

जनावरांचा विचार माणसांच्या आधी करावा लागतो, कारण म्हैस पाण्यातून हाकणे सोपे नसते. घटसर्प आणि फऱ्याची लस पावसाळ्यापूर्वी टोचून घ्यावी, उंचावरची जागा आधीच ठरवावी, आणि काही कारणाने जनावरे हलवता आली नाहीत तर निदान दावे सोडून गोठ्याचे दार उघडे ठेवावे. दावणीला बांधलेले जनावर जागीच बुडते. मोकळे जनावर पोहून उंचवटा गाठू शकते.

पुरात सर्वांत आधी तुटवडा पडतो तो पिण्याच्या पाण्याचा. नदीकाठची उपसा केंद्रे बुडाली की नळ बंद होतात, आणि २०१९ मध्ये शिरोलीजवळ महामार्ग बंद पडल्यावर कोल्हापुरात दूध आणि पेट्रोलही मिळेनासे झाले होते. म्हणून वरच्या मजल्यावर पाणी भरून झाकून ठेवावे. पूर ओसरल्यावर विहीर आणि टाकी साफ करून पाणी निर्जंतुक करणारी टीसीएल पावडर टाकून घ्यावी, आणि तोवर पाणी उकळूनच प्यावे. पायाला जखम असताना पुराच्या पाण्यातून चालणे झाले असेल आणि नंतर ताप आला, तर लेप्टोस्पायरोसिसची, म्हणजे दूषित पाण्यातून होणाऱ्या तापाच्या आजाराची, शंका डॉक्टरांना आवर्जून सांगावी.

परतल्यावर मातीच्या भिंतींपासून दूर राहावे. त्या भिजून आतून ढिल्या झालेल्या असतात आणि पाणी उतरल्यानंतरही कोसळतात. कपाटामागे, भांड्यांच्या फळीखाली हात घालण्याआधी काठीने चाचपावे, कारण साप तिथेच आसरा घेतात. वायरमनने तपासल्याशिवाय वीज चालू करू नये. पंचनाम्यासाठी घराचे आणि सामानाचे फोटो आधी काढावेत, मग गाळाला हात लावावा; मात्र त्यात फार दिवस घालवू नयेत, कारण ओला गाळ खराट्याने निघतो आणि वाळलेला फावड्यालाही दाद देत नाही.

भिंत धुण्याआधी तिच्यावर उमटलेल्या पाण्याच्या रेषेशी पक्क्या रंगाने खूण करावी आणि शेजारी तारीख व त्या दिवशीची पुलाजवळची पातळी लिहावी. पुढच्या वर्षी घराचा फूट कुणाला विचारावा लागणार नाही.