बचाव आणि डिकॉनच्या सरावात या चुका टाळा

प्रादेशिक सेनेतील जवान वर्षाचा बराच काळ नोकरीत किंवा शेतात असतो आणि प्रशिक्षणापुरता गणवेश चढवतो. दोराच्या गाठी, स्ट्रेचर बांधणे हे हाताला चटकन आठवते. चुकतो तो कामांचा क्रम.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात भूकंपाने दगडमातीच्या जाड भिंती आणि माळवदांचे ओझे झोपलेल्या माणसांवर कोसळले. अशा ढिगाऱ्यात पोकळ्या कमी राहतात आणि मातीने श्वास कोंडतो, म्हणून पहिल्याच तासात जेसीबी लावणे घातक ठरते. आधी सर्व यंत्रे बंद करून हाक मारावी, कान द्यावा आणि मग हाताने व घमेल्याने माती उपसावी. कित्येक तास दडपलेला पाय मात्र घाईने मोकळा करू नये. दबलेल्या स्नायूंतील पोटॅशियम एकदम रक्तात उतरून हृदय बंद पडू शकते, त्यामुळे वैद्यकीय पथकाने सलाइन सुरू करेपर्यंत, जीव तातडीच्या धोक्यात नसेल तर, थांबावे.

वायुगळतीच्या सरावात डिकॉनचा, म्हणजे बाधितांच्या अंगावरचे रसायन काढून टाकण्याचा, तंबू रस्त्याच्या सोयीने ठोकला जातो. तो वारा येतो त्या बाजूला आणि उंचवट्यावर हवा, कारण जलशुद्धीकरण केंद्रातील क्लोरीन हवेपेक्षा जड असल्याने चरात, नाल्यात साचतो. शीतगृहातील अमोनिया हलका खरा, पण गळतीचे थंड धुके जमिनीलगतच सरकते. बांबूला फीत बांधून ठेवली की वारा फिरलेला लगेच कळतो.

सर्वांत जास्त गोंधळ पाण्यापाशी होतो. बाधित माणसावर कपड्यांसकट फवारा मारला की कपड्यांवरचे रसायन भिजून कातडीला लागते. कपडे आधी उतरवावेत, तेही डोक्यावरून न ओढता कात्रीने कापून, कारण बहुतेक विष त्यांच्यासोबतच जाते. भुकटीचे कीटकनाशक असेल तर ते आधी कोरडेच हलक्या हाताने टिपावे. त्यानंतर कमी दाबाचे भरपूर पाणी वापरावे. खसखसून घासल्याने त्वचा सोलवटते आणि विष आत शिरते. वाहिलेले पाणी नाल्यात सोडू नये, साठवावे.

रसायनापासून बचाव करणारा सूट उतरवताना जवानाने स्वतः चेन ओढण्याऐवजी स्वच्छ हातमोजे घातलेल्या जोडीदाराने तो आतून बाहेर गुंडाळत खाली न्यावा आणि मास्क सर्वांत शेवटी काढावा. मे महिन्यात बंद सूटमध्ये माणूस फार लवकर थकतो, तेव्हा पाळ्या लहान ठेवाव्यात आणि नाव विचारल्यावर उत्तर अडखळले तर त्याला लगेच बाहेर काढावे. घेरी आलेल्याला थेट सावलीत नेण्याचा मोह सर्वांनाच होतो. त्यालाही, कितीही झटपट का होईना, धुऊन आणि सूट उतरवूनच स्वच्छ बाजूला न्यावे.