लोखंडी बंक बेड घरी बनवताना: आधी चौकट गुण्यात आणा

बंक बेड डुलायला लागला की लोक पाइपाच्या जाडीला दोष देतात. मी आजवर जेवढे डुलणारे बेड दुरुस्त केले, त्यातल्या बहुतेकांचा पाइप उत्तम होता. चौकट गुण्यात नव्हती, म्हणजे तिचे कोपरे काटकोनात नव्हते, हे खरं दुखणं. म्हणून बाकीचं थोडक्यात सांगतो आणि चौकटीवर थांबतो.

गादी १९००×९०० मिमीची असेल तर चौकटीचं आतलं माप १९२०×९२० ठेवा. पाय आणि चौकटी ४०×४० च्या, २ मिमी जाडीच्या चौकोनी पाइपाच्या. मधले आडवे पाइप २५×२५ चे. पाइप काळाच, म्हणजे जस्ताचा मुलामा नसलेला घ्या. गॅल्व्हनाइज्ड पाइप वेल्ड करताना जस्ताचा धूर निघतो आणि त्याने रात्री थंडी वाजून ताप भरतो. चौकटीचे कोपरे ४५ अंशांत कापा, कडा घासून घ्या.

आता चौकट. 'क्लॅम्प घट्ट लावा, मग हवं तसं वेल्ड करा' असं जो सांगेल त्याचं ऐकू नका. मी ऐकलं होतं. पहिल्या बेडला एक कोपरा चारही बाजूंनी पुरा वेल्ड केला, मग दुसरा, मग तिसरा. चौथा जुळेना, तो क्लॅम्पने ओढून जोडला. क्लॅम्प सोडला आणि एक कोपरा जमिनीपासून ११ मिमी वर उचलला गेला. दोन दिवस हातोड्याने ठोकत बसलो, शेवटी सांधा तडकला आणि सगळं कापून नव्याने करावं लागलं. वेल्ड निवताना आकसतो आणि पाइपाला आपल्याकडे ओढतो. त्या ओढीला क्लॅम्प थोपवत नाही, फक्त दाबून ठेवतो.

चारही कोपरे सपाट जागेवर जुळवा आणि प्रत्येकाला वरून दोन छोटे टाके (तात्पुरते वेल्ड) मारा, ८-१० मिमीचे, जास्त नाही. मग आतले दोन्ही कर्ण मोजा. वर दिलेल्या मापाला कर्ण २१२९ मिमी येतो, पण दोन्ही कर्ण एकमेकांइतके असणं जास्त महत्त्वाचं. फरक २ मिमीच्या वर असेल तर लांब कर्णाच्या टोकाला लाकडी ठोकळा धरून ठोका. टाका अजून वाकतो, पुरा वेल्ड वाकत नाही.

कर्ण जुळले तरी चौकट पिळलेली असू शकते, आणि इथेच बहुतेकजण फसतात. समोरासमोरच्या कोपऱ्यांवरून दोन दोऱ्या ताणून बांधा. मध्यभागी त्या एकमेकींना जेमतेम टेकल्या पाहिजेत. मग खालची दोरी वर घेऊन पुन्हा बघा. आता मध्ये फट दिसली, तर आधी वरची दोरी खालचीला दाबत होती आणि चौकट पिळलेली आहे.

दोन्ही तपासण्या झाल्यावरच पुरा वेल्ड. २.५ मिमीचा रॉड, ७० ते ८० अँपिअर. एका कोपऱ्याची फक्त बाहेरची शीर (सांध्याची रेघ) भरा आणि थेट कर्णाच्या दुसऱ्या टोकाच्या कोपऱ्याकडे जा. मग उरलेले दोन. चारही बाहेरच्या शिरा झाल्या की त्याच क्रमाने आतल्या. बाहेरचा वेल्ड कोन उघडतो, आतला मिटवतो, त्यामुळे दोघांची ओढ बरीचशी फिटते. वरची-खालची सपाट शीर शेवटी. सांधा निवताना बारीक टिकटिक येते. ती थांबेपर्यंत त्या कोपऱ्याला हात लावू नका आणि पाणी तर मुळीच ओतू नका. प्रत्येक फेरीनंतर कर्ण पुन्हा मोजा. यात अर्धा दिवस जातो, तो जाऊ द्या.

चारही पाय एकत्र बांधून बोल्टांच्या खुणा एकदमच करा. चौकट पायांना वेल्ड करू नका, नाहीतर बेड दारातून जाणार नाही. १० मिमीचे बोल्ट, प्रत्येक सांध्याला दोन. बोल्ट पाइपातून आरपार जात असेल तर आत नळीचा तुकडा घाला, नाहीतर आवळताना पाइप चेपतो आणि बोल्ट कायम ढिला राहतो. आत नायलॉनचं कडं असलेले लोखंडी नट वापरा.

कठड्याबाबत तडजोड नको. वरच्या पलंगाला चारही बाजूंनी कठडा, शिडीपुरती जागा सोडून, आणि गादी घातल्यावर त्याची उंची किमान १६ सेंमी उरायला हवी. युरोपीय मानकात हेच माप आहे. दोन आडव्या पाइपांतली फट ७५ मिमीपेक्षा मोठी नको. त्याहून मोठ्या फटीतून लहान मुलाचं अंग सरकतं आणि डोकं अडकतं. सहा वर्षांखालच्या मुलाला वर झोपवू नका.

शिडीच्या पायऱ्यांना गोल सळई नको, तळव्याला रुतते. चौकोनी पाइप लावा.

कठड्याचे वेल्ड हाताने चाचपून गुळगुळीत करा, पण चौकटीच्या सांध्यावरचा वेल्ड घासून सपाट करू नका; तिथली ताकद त्यातच आहे. रेड ऑक्साइड प्रायमरचा एक हात, वर रंगाचे दोन. आठवड्याने सगळे बोल्ट पुन्हा आवळा.