कॉलनीत सार्वजनिक कानबाई बसवायची असेल तर

कानबाई म्हणजे खानदेशातली देवी, श्रावणात घरोघरी बसवतात ती. आधी तारीख बघा. श्रावणात नागपंचमीनंतर जो पहिला रविवार येतो त्या दिवशी कानबाई बसते आणि सोमवारी सकाळी विसर्जन, म्हणजे तुमच्या हातात एकच रात्र असते, म्हणून तयारी आषाढातच सुरू करा. वर्गणीची वही दोघांकडे द्या, एकट्याकडे दिली की नंतर भांडणं होतात. मंडप अन् स्पीकरची परवानगी पोलिस स्टेशनला आधीच मागून ठेवा. रात्री १० ते सकाळी ६ स्पीकर चालत नाही, पण त्यानं जागरण काही अडत नाही, बायांनी आवाज लावला की स्पीकर लागतोच कशाला! ढोलकी सांगून ठेवा फक्त.

खरी गोची रोटांची, म्हणजे कानबाईच्या गव्हाच्या नैवेद्याची. ज्याच्या त्याच्या घरचा गहू, सव्वाच्या मापाचा, अन् रोट भाऊबंदातच खातात, तर ते सार्वजनिक करायच्या भानगडीत पडूच नका. आम्ही एका वर्षी पडलो होतो, म्हाताऱ्या बायांनी मंडपातच झाप झाप झापलं. सगळ्यांसाठी वेगळं जेवण ठेवा, पुरणपोळी, आमटी, गिलक्याची (घोसाळ्याची) भजी. पाऊस असणारच, ताडपत्री जास्तीची आणा आणि चुलीवर पहिली टाका, देवीच्या मखरावर तर आपसूक टाकतातच सगळे.

विसर्जनाला नदीला पूर असला तर काठावर दोरी बांधा, पोहणारी चार पोरं उभी करा, लेकरं मागंच ठेवा. देवीचे नारळ, कपडे, दागिने कोणाकडे द्यायचे ते निघायच्या आधीच ठरवा.