‘रिकन्फर्म’ कुठं लिहायचं आणि कुठं नाही

संभाजीनगरात आमचं ट्रॅव्हल्सचं ऑफिस आहे. अजिंठा, वेरूळ, दौलताबाद, बीबी का मकबरा असं पाहुण्यांना फिरवतो. ऑफिसात कामाला येणारी मुलं-मुली पैठण, गंगापूर, अंबडकडची. व्याकरण त्यांचं पक्कं असतं. पण कोणत्याही ईमेलच्या शेवटी ‘प्लीज रिकन्फर्म’ एवढं टाकलं की काम झालं, असं त्यांना वाटतं. समोरच्याला मात्र कळत नाही की नेमकं काय कळवायचं. म्हणून त्यांना जे समजावून सांगते, तेच इथं लिहिते.

पहिली गोष्ट म्हणजे त्यातला ‘रि’. जे एकदा ठरलंय, कळवून झालंय, तेच पुन्हा पक्कं करायचं असेल तर रिकन्फर्म. पाहुण्याने तारीख अजून सांगितलीच नसेल, तर पहिल्या ईमेलमध्ये ‘कन्फर्म’च लिहा. आणि ‘रिकन्फर्म अगेन’ तर कधीच नको, ‘पुन्हा’ त्या शब्दात आधीच आहे. उच्चारात जोर शेवटच्या ‘फर्म’वर द्यायचा, ‘रि’वर नाही.

हा शब्द प्रवासाच्या धंद्यात इतका का रुजला, त्यालाही कारण आहे. कागदी तिकिटांच्या काळात परदेशातून परतताना बऱ्याच विमान कंपन्यांना उड्डाणाच्या ७२ तास आधी फोन करून ‘मी येतोय’ असं कळवावं लागे. नाही कळवलं तर जागा रद्द होऊ शके. २००८ च्या जूनपासून आयाटा या आंतरराष्ट्रीय विमान कंपन्यांच्या संघटनेतल्या कंपन्यांनी कागदी तिकिटं बंद केली, आणि आता बहुतेक कंपन्या असा फोन मागत नाहीत. पण बुकिंगच्या कोडमध्ये तो फरक शिल्लक आहे: एचके म्हणजे जागा कन्फर्म, आरआर म्हणजे रिकन्फर्म. रेल्वेत असं काही नाही. देवगिरी एक्सप्रेसचं वेटिंग तिकीट कन्फर्म झालं की झालं, ‘येताय ना?’ म्हणून कुणी विचारत नाही. त्यामुळे रेल्वेच्या तिकिटासाठी ‘रिकन्फर्म झालं का’ असं म्हणू नका.

आता ज्यावर सगळ्यात जास्त गोंधळ होतो ते. डबल-चेक आणि रिकन्फर्म ही दोन वेगळी कामं आहेत. अजिंठा सोमवारी बंद असतं आणि वेरूळ मंगळवारी. पाहुण्याने मंगळवारी वेरूळ मागितलं, तर वार आणि सुट्टी आपली आपण बघायची. ते डबल-चेक. त्यासाठी कुणाला विचारावं लागत नाही. वेरूळ बुधवारवर सरकवलं, पाहुण्याने हो म्हटलं, आणि आदल्या दिवशी आपण त्यांना पुन्हा विचारलं की बुधवारी सकाळीच निघायचंय ना, ते रिकन्फर्म. रिकन्फर्मला समोर माणूस लागतो, ज्याचा शब्द आपण पुन्हा घेतोय किंवा ज्याला आपला शब्द पुन्हा देतोय. म्हणूनच इंग्रजीत ‘रिकन्फर्म समथिंग विथ समबडी’ अशी रचना येते: ‘आय हॅव रिकन्फर्म्ड द रूम विथ द हॉटेल.’

मराठीत हे काम आपण रोज करतो. अजिंठ्याला जायच्या आदल्या संध्याकाळी माझा ड्रायव्हरला फोन जातो:

‘दादा, उद्या सकाळी सातला, हॉटेलच्या गेटवर. पाहुणे चौघं, अजिंठा. गाडी तीच ना?’
‘हौ ताई, तीच. सातला गेटवर उभा राहतो.’

त्यात वेळ, जागा, माणसं, ठिकाण, गाडी सगळं आलं, आणि त्यानेही नुसतं ‘हो’ न म्हणता वेळ आणि जागा परत उच्चारली. इंग्रजी ईमेल असंच लिहायचं. ‘प्लीज रिकन्फर्म’ इथंच थांबायचं नाही, पुढं कर्म हवं: ‘प्लीज रिकन्फर्म युअर अरायव्हल टाइम’, ‘प्लीज रिकन्फर्म द नंबर ऑफ गेस्ट्स’.

आपण विचारतोय की सांगतोय, हेही वाक्यातून दिसलं पाहिजे. विचारायचं असेल तर ‘कुड यू प्लीज रिकन्फर्म’. आपल्या बाजूने सांगायचं असेल तर ‘धिस इज टू रिकन्फर्म दॅट युअर कार विल बी अ‍ॅट द गेट अ‍ॅट सेव्हन’. पाहुण्याने ‘प्लीज रिकन्फर्म’ लिहिलं आणि आपणही उत्तरात ‘प्लीज रिकन्फर्म’ लिहिलं, तर दोघंही वाट बघत बसतात. ज्येष्ठ पाहुण्यांना विचारताना मी ‘जस्ट टू रिकन्फर्म’ने सुरुवात करायला सांगते, म्हणजे आपण त्यांच्या शब्दावर संशय घेतोय असं वाटत नाही.

मराठीतून विचार करून लिहिताना तीन चुका हमखास होतात. ‘मला कळवा’ म्हणून ‘रिकन्फर्म मी’ लिहितात, तिथं ‘टू मी’ किंवा ‘विथ मी’ हवं. माणसालाच कन्फर्म करणं म्हणजे त्याची नेमणूक पक्की करणं, आपण ‘तो नोकरीत कन्फर्म झाला’ म्हणतो तसं. दुसरी, ‘रिकन्फर्म अबाउट द बुकिंग’ यातलं ‘अबाउट’ काढून टाका, ‘बद्दल’ आपल्या मराठीतून आलंय. तिसरी चूक महागात पडणारी. ‘सोमवारपर्यंत कळवा’ याला ‘टिल मंडे’ नाही, ‘बाय मंडे’. ‘टिल’ लिहिलंत तर सोमवार येईपर्यंत कळवतच राहा, असा अर्थ होतो.

माणसाऐवजी एखादी गोष्टही कर्ता होऊ शकते. माती परीक्षणाचा दुसरा अहवालही पहिल्यासारखाच आला, तर ‘द सेकंड रिपोर्ट रिकन्फर्म्ड द फर्स्ट’ हे बरोबर आहे. बातमीतला ‘दुजोरा’ मात्र बहुतेक वेळा नुसता कन्फर्म असतो. अमेरिकेच्या बातम्यांमध्ये आणखी एक वापर दिसतो: राष्ट्राध्यक्ष एखाद्याचं नाव दुसऱ्यांदा सुचवतात आणि सिनेट त्याला रिकन्फर्म करते. तिथल्या मध्यवर्ती बँकेचे, म्हणजे फेडरल रिझर्व्हचे, तेव्हाचे अध्यक्ष बेन बर्नान्के यांच्या बाबतीत जानेवारी २०१० मध्ये तसं झालं.

जवळचे शब्द थोडक्यात. व्हेरिफाय म्हणजे पडताळणं. बारावीच्या निकालानंतर गुणपडताळणीचा अर्ज भरतात, ते व्हेरिफिकेशन. रिअफर्म तारखांसाठी, बुकिंगसाठी नाहीच. तो भूमिकेसाठी, निष्ठेसाठी, तत्त्वासाठी. शपथविधीत ‘गांभीर्यपूर्वक दृढकथन करतो’ म्हणतात, ते ‘अफर्म’. तीच भूमिका पुन्हा ठामपणे मांडली की ‘रिअफर्म’. संयुक्त राष्ट्रांच्या १९४५ च्या सनदेत मूलभूत मानवी हक्कांवरच्या विश्वासासाठी हेच क्रियापद आहे. खोलीच्या बुकिंगला रिअफर्म लावलं तर फार जड होतं. रिइटरेट म्हणजे तेच पुन्हा सांगणं, वर्तमानपत्रातला ‘पुनरुच्चार’.

आणि तुम्हालाच कुणी रिकन्फर्म करायला सांगितलं, तर उत्तरात नुसतं ‘येस’ किंवा ‘ओके’ लिहू नका. तारीख, वार, वेळ, माणसं पूर्ण लिहा: ‘वेन्सडे, सेव्हन ए.एम., फोर गेस्ट्स, वेरूळ’. वार लिहायला विसरू नका. तारीख चुकली तर वाराने लगेच लक्षात येतं.