रंग मारलेलं लेदर स्टिअरिंग सोलतंय? नवीन रंगाआधी हे करा

स्टिअरिंगला एकदा रंग मारून घेतला आणि काही महिन्यांत दोन्ही बाजूंना, जिथे हात असतो तिथेच, पापुद्रे निघायला लागले की बहुतेक जण त्यावर परत रंग मारतात, आणि तो पण निघतो. कारण खराबी रंगात नसते, रंगाखाली राहिलेल्या तेलात असते. हाताचा घाम, क्रीम आणि मुख्य म्हणजे डॅशबोर्ड चमकवायचं सिलिकॉनवालं पॉलिश, यावर रंग धरतच नाही. वर सॅनिटायझर, त्यातलं अल्कोहोल फिनिश, म्हणजे लेदरवरचा रंगाचा आणि संरक्षक थर, मऊ करतं.

आधी बघा नुकसान किती खोल आहे. ओलं फडकं सोललेल्या जागी हलकं टेकवा. तो भाग लगेच गडद झाला म्हणजे लेदर उघडं पडलंय, पाणी पितंय. नाही झाला तर खाली जुनं फिनिश अजून शाबूत आहे, मग काम सोपं. शिलाई उसवली असेल किंवा लेदरच फाटलं असेल तर रंगाच्या नादी लागू नका, सीट कव्हरवाल्याकडून नवीन लेदर चढवून घ्या. आणि पूर्ण चाक हाताला चिकट लागतंय, लेदरचा दाणा (पृष्ठभागावरची बारीक नक्षी) कुठेच दिसत नाही, तर ते बहुधा लेदर नाहीच, त्याला ही पद्धत चालणार नाही.

एअरबॅगचं पॅड घरी अजिबात उघडायचं नाही. हॉर्न, बटणं, शिलाईचा दोरा मास्किंग टेपने झाका आणि कुठलंही लिक्विड थेट चाकावर न ओतता कापडावर घ्या.

आता खरं काम. लेदर क्लीनर आणि मऊ ब्रशने घासा, कापड काळं यायचं थांबेपर्यंत. मग उरलेलं तेल काढायला आयसोप्रोपिल अल्कोहोल कापडावर घेऊन फक्त खराब भाग पुसा, काच उघडी ठेवून, ग्लोव्ह्ज घालून. जे पापुद्रे नखाने सहज उचलतायत ते सगळे काढा, अर्धवट चिकटलेला एक जरी ठेवलात तरी पुढची सोलण तिथूनच सुरू होते. मग ६०० नंबरचा पॉलिश पेपर सोललेल्या रंगाच्या कडेवर हलक्या हाताने फिरवा, नंतर १०००. डोळे मिटून बोट फिरवा, जुन्या रंगाची पायरी बोटाला लागली तर अजून घासा, कारण आत्ता बोटाला लागते ती नंतर डोळ्याला पण दिसते. यात घाई करू नका प्लीज, सगळं काम इथेच टिकतं किंवा बिघडतं.

उघड्या लेदरचे तंतू उभे राहिले असतील तर लेदर बाइंडर (तंतू बसवून घट्ट करणारं लिक्विड) लावून वाळवा. अंगठीचा वगैरे खड्डा असेल तर लेदर फिलर (खड्डा भरायची पेस्ट), पण पातळ थरांत, प्रत्येक थर वाळवून, मग १००० ने सपाट करून परत अल्कोहोलने पुसा.

रंग लेदरसाठीचा वॉटर-बेस्डच घ्या, बूट पॉलिश नको, ते तळहाताला लागतं. काळं स्टिअरिंग बऱ्याचदा पूर्ण काळं नसतं, थोडं राखाडीकडे झुकतं, म्हणून चाकाच्या खालच्या बाजूला ठिपका लावून, ड्रायरने वाळवून मगच शेड ठरवा. स्पंजवर अगदी थोडा रंग घ्या आणि पुसल्यासारखा न ओढता टेकवत जा, कडेला हलका करत. थर पातळ, मध्ये ड्रायर, जाड थर दिला की दाणा बुजतो आणि परत सोलतो.

शेवटी मॅट किंवा सॅटिन टॉपकोट, म्हणजे रंगावरचा पारदर्शक संरक्षक थर, ग्लॉस नको, हात घसरतो आणि हे स्टिअरिंग आहे. टॉपकोटमध्ये क्रॉसलिंकर (थर कडक करणारं लिक्विड) घाला, प्रमाण बाटलीवर असतं, आणि लागेल तेवढंच मिक्स करा, उरलेलं टिकत नाही. हाताच्या घामाला फिनिश तोंड देतं ते याच्या जोरावर.

निदान २४ तास गाडी चालवू नका, पावसाळ्यात दमट हवेत अजून थांबा, पूर्ण कडक व्हायला आठवडा लागू शकतो, तोवर क्लीनर लावू नका. पुढे फक्त ओलसर कापडाने पुसत जा, आणि सॅनिटायझर लावला की हात पूर्ण वाळल्यावरच स्टिअरिंग धरा.