संगीत नाटकावरून सिनेमा करताय? या चुका टाळा

कोल्हापुरात सिनेमा करू पाहणाऱ्या पोरांना तोटा नाही, आणि त्यातल्या बऱ्याच जणांच्या डोक्यात एखादं जुनं संगीत नाटक घोळत असतं. गावाची हवाच तशी. केशवराव भोसले नाट्यगृह आणि कुस्त्यांचं खासबाग मैदान शेजारी शेजारी, गाण्याचा देवल क्लबही जवळच. नाटकांचे पडदे रंगवणाऱ्या बाबूराव पेंटरांनी इथंच महाराष्ट्र फिल्म कंपनी काढली. ‘मानापमान’ला चाली देणारे गोविंदराव टेंबे प्रभातच्या ‘अयोध्येचा राजा’त १९३२ साली हरिश्चंद्र झाले, संगीतही त्यांचंच. प्रभात तेव्हा कोल्हापुरातच होती. म्हणजे ही वाट गावाला नवी नाही. तरी माझ्यासारख्या संकलकाकडे दरवेळी तीच दुखणी येतात.

सगळ्यात मोठं दुखणं म्हणजे पद लांबतं. कापायला बसलं की तिसऱ्या मिनिटाला जांभई. दिग्दर्शक म्हणतो, अंतरा उडवा. अंतरा उडवला तरी जांभई येतेच.

कारण लांबी हे नाहीच. नाट्यगृहात पद एकटा नट गात नसतो. तानेला दाद जाते, वन्समोअर येतो, तो पुन्हा गातो. या देण्याघेण्यावर पद पंधरा मिनिटंही तरतं. कॅमेऱ्यासमोर घेणारी बाजूच नसते, आणि आपण देणाऱ्याच्या तोंडावरून कॅमेरा हलवत नाही.

एका लघुपटात आमचं असंच झालं होतं. पेठेतला जुना वाडा, सोप्यात बसून बहीण गातेय. सगळे शॉट तिचेच. टाकून दिलेल्या फुटेजमध्ये एक तुकडा सापडला. भावाचं काम करणाऱ्या पोराला ‘तू नुसता बस’ एवढंच सांगितलं होतं. त्याच्या उजव्या पायाचा अंगठा पायताणात त्रितालावर हलत होता, आणि दुसऱ्या ओळीला, हे आपल्याबद्दलच चाललंय असं उमगल्यासारखा, मध्येच थांबला. अडीच सेकंदांचा तुकडा. तो घातला आणि पदाचा एक सेकंदही न कापता पद बसलं. (पोराला विचारलं तर म्हणाला, मुंगी चावली होती.)

तेव्हा पदाच्या शूटिंगचा निम्मा वेळ ऐकणाऱ्याला द्या. ऐकणारा सापडत नसेल तर ते पद कुणासाठी आहे हे लेखकाला विचारा. उत्तर नाही आलं, तर पद काढा. जुन्या नाटकांत पन्नासच्या वर पदं असायची. सिनेमात सात-आठ पुष्कळ झाली.

दुसरी खोड म्हणजे पद सुरू झालं की चला पन्हाळ्याला. नाटक ‘मोकळं’ करायचं म्हणून पात्रं उगाच तटबंदीवरून चालत गातात. बॉब फॉसीने १९७२ च्या ‘कॅबरे’त उलटं केलं. रंगमंचावरच्या प्रयोगात पात्रं घरातही गायची. त्याने गाणी कथेतल्या नाइटक्लबच्या मंचावरच ठेवली. बाहेर गायलं जातं ते एकच, उघड्यावरच्या बिअर बागेत एक कोवळा मुलगा गातो ते, आणि म्हणूनच ते अंगावर येतं. आपल्या सिनेमात कोणती गाणी कुठे गायली जातील याचा एक कायदा आधी ठरवा. मोडायचा तर एकदाच मोडा.

बोलण्यातून गाण्यात जातानाचा खड्डा वेगळाच. नाटकात ऑर्गनवाला सूर देतो, नट घसा साफ करतो, प्रेक्षक सरसावून बसतात. सिनेमात तोच सूर आला की लोक हसतात. तंबोरा दोन वाक्यं आधीच, संवादाखाली, ऐकू येईल न येईल असा सोडा. आणि पार्श्वगायकाची पट्टी ठरवताना नटाचा बोलण्याचा आवाज कानाशी ठेवा. खर्जात बोलणारा माणूस पुढच्या क्षणी काळी पाचमध्ये गायला लागला की कुणी दुसराच गातोय हे लगेच कळतं.

ओठ जुळतात, गळा जुळत नाही, ही तक्रारही नेहमीची. सेटवर प्लेबॅक, म्हणजे आधी मुद्रित केलेलं गाणं (जुनी मंडळी जुन्या टेपरेकॉर्डरच्या नावावरून अजून ‘नागरा’च म्हणतात), मोठ्याने लावा आणि नटाला खरंच गायला लावा, बेसूर का होईना. मानेच्या शिरा आणि श्वास आपोआप जागेवर येतात. आलाप तालात नसतो, त्यामुळे नट दरवेळी उशिरा उचलतो. गाइड ट्रॅकमध्ये, म्हणजे सेटवर वाजवायच्या गाण्यात, उठावाच्या आधी चार टिकटिक घालून ठेवा.

‘ले मिझराब्ल’ २०१२ मध्ये टॉम हूपरने नटांना सेटवरच गायला लावलं, कानात पियानो देऊन. ते वाचून आम्हीही एकदा थेट आवाज घ्यायला गेलो. नायकाच्या पायात नवीकोरी कापशी चप्पल, करकर वाजणारी. विकणाऱ्याने त्या आवाजाचेच पैसे घेतले होते! समेवर सम, आणि तिच्यावर ‘कर्र’. चार टेक वाया गेल्यावर कुणाच्या तरी ध्यानात आलं की पाय चौकटीत नाहीतच. थेट गाणं घ्यायचं तर आधी पायताणं काढा, पंखे बंद करा, आणि रिकाम्या सोप्याचा एक मिनिटाचा आवाज वेगळा घेऊन ठेवा.

शेवटी हक्क. नाटक जुनं म्हणजे सगळं फुकट, असं धरून चालू नका. आपल्याकडे लेखकाच्या आणि संगीतकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क राहतो. ‘मानापमान’चे खाडिलकर १९४८ साली गेले, टेंबे १९५५ साली, ती संहिता आणि मूळ चाली मोकळ्या आहेत. ‘कट्यार काळजात घुसली’ १९६७ चं, पण चाली अभिषेकीबुवांच्या, आणि बुवा गेले १९९८ साली. म्हणजे २०५८ अखेरपर्यंत परवानगी लागणारच. शिवाय मोकळ्या चालीचं नंतर कुणी केलेलं ध्वनिमुद्रण वेगळ्या हक्काचं असतं. चालीच्या परवानगीचं पत्र हातात पडल्याशिवाय तालमीचा हॉल धरू नका.