हार्ड डिस्क बदलायची तयारी: आधी ते ४८ आकडे

स्क्रू ड्रायव्हर सध्या बाजूला राहू द्या. डिस्क बिघडत चालली असली तरी लॅपटॉप सुरू होतो आहे तोवर बिटलॉकरची (विंडोजच्या डिस्क-कुलपाची) रिकव्हरी की कागदावर उतरवून घ्या. सहा-सहा आकड्यांचे आठ गट, एकूण ४८ आकडे. मागच्या खेपेला माझ्याकडून बाकी सगळं झालं आणि एवढंच राहिलं. म्हणून ते इथे पहिलं आहे आणि पुढेही पुन्हा पुन्हा येणार आहे.

विंडोज ११ असेल आणि लॅपटॉप मायक्रोसॉफ्ट खात्याने सुरू केलेला असेल, तर तुम्ही स्वतः काही चालू केलं नसलं तरी डिस्क कुलूपबंद असू शकते. सेटिंग्जमध्ये ‘प्रायव्हसी अँड सिक्युरिटी’खाली ‘डिव्हाइस एन्क्रिप्शन’ बघा. प्रो आवृत्ती असेल तर कंट्रोल पॅनलमध्ये बिटलॉकर बघा. रोज टाकता तो पिन वेगळा आणि ही की वेगळी. डिस्क आपल्याच लॅपटॉपमध्ये असते तोवर त्याची टीपीएम चिप न विचारता कुलूप उघडून देते, त्यामुळे कुलूप आहे हेच कळत नाही. तीच डिस्क काढून यूएसबीने दुसऱ्या मशीनला जोडली की ४८ आकडे मागते. ते नसतील तर म्हापशातला दुकानदार काही करू शकत नाही आणि मुंबईची डेटा रिकव्हरीची लॅबही नाही.

की बहुधा मायक्रोसॉफ्टच्या खात्यात असते. फोनवरून त्या खात्यात शिरा, डिव्हायसेसमध्ये लॅपटॉपचं नाव शोधा आणि बिटलॉकर कीज उघडा. हे आज करायचं, कारण खरी अडचण इथेच निघते: खातं कोणतं तेच आठवत नसतं. पुष्कळदा लॅपटॉप देताना दुकानातल्या मुलानेच भलत्या ईमेलवर खातं उघडून दिलेलं असतं. नाहीतर ओटीपी बंद झालेल्या जुन्या सिमवर जातो. खातं परत मिळवायला काही दिवस लागू शकतात, आणि मरणारी डिस्क तेवढी थांबेलच असं नाही. यादीत एकाहून जास्त की दिसल्या तर सगळ्या उतरवा. ‘ओएसव्ही’ लिहिलेली विंडोजच्या ड्राइव्हची, ‘एफडीव्ही’ लिहिलेली दुसऱ्या ड्राइव्हची. छोटी एसएसडी आणि सोबत १ टीबीची हार्ड डिस्क असलेल्या लॅपटॉपांत डी ड्राइव्हची की वेगळी असते, आणि नेमकी डीच बिघडलेली असते. प्रत्येक कीबरोबर की आयडीची पहिली आठ अक्षरंही लिहा, म्हणजे कोणती कुठे चालते ते जुळवता येतं. त्याच लॅपटॉपवर फाइल करून ठेवणं म्हणजे न लिहिल्यासारखंच. कागद हवा, शिवाय फोनमध्ये फोटो.

एक इशारा. कुलूपच काढून टाकू म्हणून आता एन्क्रिप्शन बंद करू नका. ते बंद करताना विंडोज डिस्कचा भरलेला भाग पुन्हा वाचून पुन्हा लिहितं. दुबळी डिस्क त्यातच बसते.

आता डिस्क कितपत दुबळी आहे ते बघा. क्रिस्टलडिस्कइन्फो फुकट मिळतं. त्यात ०५, सी५ आणि सी६ या तीन ओळी पुरे. ०५ म्हणजे बदली केलेले सेक्टर, सी५ म्हणजे वाचायला अडून बसलेले, सी६ म्हणजे वाचताच न आलेले. सी५ दोन दिवसांत वाढला तर तिसऱ्या दिवसाची वाट बघू नका. फक्त सी७ वाढत असेल तर डिस्कपेक्षा केबलवर संशय घ्या. किनाऱ्याजवळच्या घरांत खाऱ्या दमट हवेने कनेक्टर काळवंडतात, तिथे कधी कधी केबल काढून आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसण्यावरच काम भागतं. टक-टक किंवा खरखर ऐकू आली तर लगेच बंद करा आणि पुन्हा चालू करू नका. प्रत्येक सुरुवातीला आतलं वाचणारं हेड तबकडीवर घासण्याचा धोका असतो. आतला डेटा मोलाचा असेल तर ही डिस्क घरी उघडायची नसते, लॅबला पाठवायची. पाठवताना आकड्यांचा कागद सोबत. लॅबसुद्धा तो मागते.

विंडोजमधलं चेक डिस्क चालवू नका. डिफ्रॅग चालवू नका. डिस्क फ्रीजमध्ये ठेवण्याचा सल्ला कोणी दिला तर हात जोडा. आपल्याकडच्या हवेत बाहेर काढताक्षणी तिच्यावर दव धरतं.

कॉपी करताना परत न मिळणारं आधी: फोटो, स्वतःचं लिखाण, एक-चौदाचे (गोव्यातले जमिनीचे) उतारे आणि घराचे कागद स्कॅन केले असतील ते, टॅलीचा डेटा फोल्डर. डेस्कटॉप आणि डाउनलोड्स लोक विसरतात. मराठीत लिहिणाऱ्यांनी फॉन्टचं फोल्डरही उचलावं. युनिकोडच्या आधीच्या फॉन्टांत टंकलेले लेख त्या फॉन्टाशिवाय उघडले की नुसती चिन्हं दिसतात, आणि दहा वर्षांपूर्वीचा नेमका तोच फॉन्ट शोधत बसावं लागतं. सिनेमे आणि इन्स्टॉलर सोडून द्या. मोठ्या फोल्डरवर कॉपी अडकली तर तिथेच हट्ट धरू नका, पुढचं फोल्डर घ्या.

फायली ओढून घेता येत नसतील तर लिनक्सच्या पेन ड्राइव्हवरून डीडीरेस्क्यू (बिघडलेल्या डिस्कची पूर्ण प्रत काढणारा प्रोग्राम) वापरा आणि त्याची मॅप फाइल, म्हणजे कुठवर उचललं त्याची नोंद, दुसऱ्या डिस्कवर ठेवा. ते आधी सोपा भाग उचलतं आणि खराब जागा शेवटी खरवडतं. वीज गेली तरी मॅप फाइलवरून तिथूनच पुढे चालतं, मॅप फाइल नसेल तर पहिल्यापासून. अशी जशीच्या तशी घेतलेली प्रतही कुलूपबंदच असते आणि त्याच ४८ आकड्यांनी उघडते. पेन ड्राइव्हवरून सुरू करायला बायोसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणाऱ्या सेटिंग्जमध्ये) सिक्युअर बूट बंद केलं, तर पुढच्या वेळी विंडोज उघडतानाच की मागू शकतं. कागद लिहिलाय ना?

विजेचं बघून दिवस ठरवा. जून-जुलैत दिवसातून किती वेळा जाते-येते ते सांगायला नको. लॅपटॉप बॅटरीवर तग धरतो, पण ॲडॅप्टरवर चालणारी साडेतीन इंची बाहेरची डिस्क मध्येच बंद पडते. ती इन्व्हर्टरवर घ्या किंवा यूएसबीवर चालणारी अडीच इंची वापरा. लॅपटॉपचं स्लीप बंद करा. वीज खात्याच्या शटडाउनच्या सूचना वर्तमानपत्रात येतात, त्या बघून घ्या. गणेश चवथीच्या आठवड्यात हे काम काढूच नका, राहिलेला एक स्क्रू आणायला दुकान उघडं मिळत नाही.

डिस्क विकत घेण्याआधी मागचं झाकण उघडून आत काय आहे ते बघा. अडीच इंची साटा (डिस्क जोडायची जुनी पद्धत) असेल तर जाडी मोजा. ७ मिमीच्या जागेत ९.५ मिमीची बसत नाही. उलटं चालतं, फक्त सोबतची प्लॅस्टिकची चौकट लावायची. एम.२ (पट्टीसारखी चपटी एसएसडी) असेल तर साटा की एनव्हीएमई (नवी, वेगवान पद्धत) ते मॉडेलच्या मॅन्युअलमधून पाहून घ्या, नुसत्या खाचेवरून खात्री होत नाही. लांबी बहुधा २२८०, म्हणजे २२ मिमी रुंद आणि ८० मिमी लांब. नवी डिस्क जुनीपेक्षा जरा मोठीच घ्या. ५०० जीबीची डिस्क विंडोजमध्ये साधारण ४६५ दिसते आणि ४८० ची ४४७, त्यामुळे ५०० ची पूर्ण प्रत ४८० वर उतरत नाही. एम.२ ची एसएसडी पुष्कळदा स्क्रूशिवाय येते. लॅपटॉपच्या खाचेत तो आहे का ते आधी बघा, नसेल तर पणजी-मडगावच्या दुरुस्तीवाल्यांकडे सुटा मिळतो. यूएसबी-साटा केबलही लागेल.

विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. लॅपटॉप इंटेलच्या आठव्या पिढीच्या आधीचा असेल तर ११ अधिकृतपणे चढत नाही, हा हिशेब पैसे देण्याआधी करा. विंडोजचा परवाना मदरबोर्डशी बांधलेला असतो, डिस्क बदलल्याने जात नाही. ऑफिसचं तसं नसतं, त्याचं खातं कोणतं ते त्याच कागदावर लिहा.

हत्यारं: पीएच० आणि पीएच०० (बारीक फुलीचे) ड्रायव्हर, झाकण उचकटायला जुनं एटीएम कार्ड. स्क्रू कुठून निघाला ते कागदावर आकृती काढून त्याच जागी चिकटवा. लांब स्क्रू आखूडच्या जागी गेला तर वरच्या कव्हरमधून टोक बाहेर येतं. झाकण निघालं की बॅटरीची केबल सगळ्यात आधी सोडवा. साटाची चपटी केबल ओढू नका, कुलूपपट्टी उचलून मग काढा.

नवी बसवा, झाकण लावण्याआधी बायोसमध्ये दिसते का बघा. किमान ८ जीबीचा पेन ड्राइव्ह, त्यावर विंडोजचा इन्स्टॉलर, हे जुनी डिस्क चालत असतानाच तयार करा. इंटेलच्या अकराव्या पिढीपासूनच्या लॅपटॉपांत इन्स्टॉलरला एनव्हीएमई दिसतच नाही असं होतं. त्यासाठी आरएसटीचा (इंटेलचा स्टोरेजचा) ड्रायव्हर आणि वायफायचा ड्रायव्हर त्याच पेन ड्राइव्हवर ठेवा. इन्स्टॉल, अपडेट, फायली परत. दोन-चार जुन्या फायली उघडून बघा.

जुनी डिस्क महिनाभर पुसू नका. तिचा कागद तिलाच चिकटवून ठेवा, कारण नव्या विंडोजने नवी डिस्क कुलूपबंद केली तर तिची की वेगळी असते. म्हणजे डिव्हाइस एन्क्रिप्शन पुन्हा बघायचं आणि नवे ४८ आकडे नव्या कागदावर, त्याच दिवशी.